बाबा, तो अर्धा मार्क

न्यू हेवन,
रविवार रात्र

ती. बाबांस सा. न. वि. वि.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला मधेच तोडता. आईला वाचून दाखवा. हाडांचा भाग गाळलात तरी ती काही म्हणायची नाही.

सातवीतली शाळेची प्रश्नमंजूषा आठवते? डायनासोरचं चित्र ओळखा. मी 'ब्रॉन्टोसॉरस' लिहिलं आणि तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत, "या नावाचा प्राणीच नाही, अ‍ॅपॅटोसॉरस म्हणायचं." अर्धा मार्क कापलात. मी अर्ध्या मार्काने दुसरी आले. पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून केलंत, हे मला आईने लग्नानंतर सांगितलं!

तर काल मी त्याच प्राण्यासमोर उभी होते. इथल्या येल विद्यापीठाचं पीबॉडी म्युझियम चार वर्षं डागडुजीसाठी बंद होतं, ते मार्च 2024 मध्ये उघडलं. आता तिकीटही नाही, त्यामुळे आमची ही दुसरी खेप. चिनूला दर रविवारी जायचंय.

आणि पाटीवर ठसठशीत नाव: ब्रॉन्टोसॉरस. ऑथ्नियल मार्श या संशोधकाने 1879 मध्ये ज्या हाडांवरून हे नाव ठेवलं, तीच ही हाडं, वायोमिंगमधून आणलेली. 1903 मध्ये एल्मर रिग्जने दाखवलं की मार्शनेच दोन वर्षं आधी नाव दिलेला अ‍ॅपॅटोसॉरस आणि हा एकाच प्रजातीतले. मग नियमाप्रमाणे जुनं नाव टिकलं. म्हणजे तुम्ही तेव्हा बरोबर होतात, कबूल. पण 2015 मध्ये काही संशोधकांनी अशा ढीगभर सांगाड्यांची मापं ताडून पाहिली आणि दोघे वेगळे ठरवले. सगळ्यांना ते पटलेलं नाही म्हणे. मला पटलंय.

नूतनीकरणात सांगाडा सुटा करून कॅनडात ओंटारिओला पाठवला होता. 1931 पासून बिचाऱ्याची शेपटी जमिनीवर लोळत होती. आता ती हवेत ताणलेली आहे, मानेला तोलून धरल्यासारखी. डोकं तर मार्शला सापडलंच नव्हतं. पूर्वी अंदाजाने घडवलेलं प्लास्टरचं बसवलं होतं, तेही पुढे चुकीचं ठरून बदललं गेलं.

गंमत त्याच दालनाच्या भिंतीवर आहे. रुडॉल्फ झॅलिंगरने 1943 ते 1947 अशी वर्षं खपून काढलेलं 110 फूट लांबीचं चित्र. काळ उजवीकडून डावीकडे सरकतो, उर्दूसारखा. त्यातला टी-रेक्स पाटलासारखा ताठ उभा, शेपटी जमिनीला टेकलेली, आणि ब्रॉन्टोसॉरस दलदलीत सुस्त. आज कुणी असं मानत नाही. याच येलच्या जॉन ऑस्ट्रॉमने 1964 मध्ये मोंटानात डायनोनिकस हा चपळ शिकारी डायनासोर शोधला आणि डायनासोर म्हणजे सुस्त पाली, ही कल्पनाच मोडीत निघाली. तरी चित्र पुसलेलं नाही. वर जुनी समजूत, खाली सुधारलेला सांगाडा. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की चिनू कंटाळून खाली बसला. तुम्ही विज्ञान प्रदर्शनासाठी रंगवलेला पुठ्ठ्याचा डायनासोर आठवला. त्याचीही शेपटी जमिनीवरच होती ना? अजून माळ्यावर असेल तर आईला रद्दीत घालू देऊ नका.

चिनूला मात्र आर्केलॉन आवडलं, आपल्या ओसरीत मावणार नाही एवढं समुद्री कासव. त्याचा मागचा उजवा पाय अर्धा गायब आहे. कुणीतरी चावून नेला असावा, आणि तरी ते पुढे वाढलं. "मग ते गोल गोल पोहायचं का?" असं त्याने मोठ्याने विचारलं. आसपासची माणसं हसली. मराठी कुणाला कळलं असेल देव जाणे.

बाहेर पडून ईस्ट रॉकच्या टेकडीवर गेलो. कडा बघून क्षणभर वाईतच आल्यासारखं वाटलं. तोही शिलारस थिजून झालेला दगड, फक्त हा जमिनीखालीच थिजलेला, सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला दख्खनचा त्या मानाने कोवळा, 6 कोटी 60 लाखांच्या आसपासचा, डायनासोर संपले तेव्हाचा. आपल्या 'डेक्कन ट्रॅप'सारखं इथेही अशा दगडाला ट्रॅपच म्हणतात. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ पायऱ्या. पसरणीच्या घाटातून समोरचे डोंगर बघताना तुम्ही बोटाने दाखवायचात, त्याच पायऱ्या.

गुडघ्याचं काय? तेल लावता की नुसतं आईला सांगता?

उत्तर पाठवा. लाल शाईत पाठवलंत तरी चालेल, पण अर्ध्या मार्कासकट.

तुमची,
सुमी