चमक कॅल्शियमची की हळदीची? आयुष मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुष मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : कर्क्युमिनवरील कर्करोग-संशोधनाला निधी देताना घालायच्या अटी

महोदय,

‘हळदीतल्या कर्क्युमिनने कर्करोगाच्या पेशीतले कॅल्शियम वाढते आणि पेशी मरते’ असे सांगणारा प्रस्ताव समोर आला, तर तज्ज्ञ समितीने आधी एवढेच विचारावे: कॅल्शियम चमकणाऱ्या रंगाने मोजतात, मग आलेखात दिसते ती चमक कॅल्शियमची आहे की हळदीची?

मूळ कल्पना पोकळ नाही. पेशीद्रवात मोकळे कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर असते, बाहेर त्याच्या दहा हजार पट. आतले जादा कॅल्शियम कोठारात, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, भरण्याचे काम सर्का नावाचा पंप करतो. कर्क्युमिन हा पंप रोखते, पण त्यासाठी साधारण ७ ते १५ मायक्रोमोलर (एक मायक्रोमोलर म्हणजे हजार नॅनोमोलर) लागते. भूमध्य सागराकाठच्या थॅप्सिया वनस्पतीतले थॅप्सिगार्गिन तेच काम नॅनोमोलर मात्रेत करते, आणि निरोगी पेशीही तितक्याच सहज मारते. म्हणून सोबत निरोगी पेशींची मोजणी नसेल, तर ‘कर्करोगाच्या पेशी मेल्या’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

खरी गोची मोजणीत आहे. कर्क्युमिन निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवट-पिवळे चमकते, आणि पेशीपटलात शिरले की अधिकच. कॅल्शियमसाठी सर्रास वापरला जाणारा, कॅल्शियमला चिकटला की चमकणारा फ्लुओ-४ हा रंगही ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने उद्दीपित करून ५२०च्या आसपासच्या हिरव्या प्रकाशात वाचतात. त्यामुळे कर्क्युमिन टाकताच आलेख चढतो, कॅल्शियम जागचे हललेले नसले तरी. फ्लुओ-४ न भरलेल्या पेशींवर तेवढेच कर्क्युमिन टाकून पाहिले की हे लगेच उघडे पडते. मोजणी ऱ्होड-२ किंवा कॅल-५९० यांसारख्या लाल चमकणाऱ्या रंगाने करावी.

क्रमही महत्त्वाचा. पेशी कॅल्शियमविरहित, ०.५ मिलिमोलर ईजीटीए (उरलेसुरले कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) असलेल्या द्रावात ठेवून दोन मिनिटे स्थिर रेषा घ्यावी, मग कर्क्युमिन टाकावे. तरीही आलेख चढला, तर ते कॅल्शियम आतूनच आले. पुढे १ मायक्रोमोलर थॅप्सिगार्गिन: कोठार आधीच रिते झाले असेल तर ही उसळी खुजी येते. शेवटी २ मिलिमोलर कॅल्शियम घालून बाहेरून होणारी आवक पाहावी. कर्क्युमिन ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर नको, आणि तेवढ्याच डीएमएसओचा कोरा प्रयोग जोडीला हवाच.

बाटलीवर ‘कर्क्युमिन’ लिहिलेले असले तरी आत बहुधा तीन कर्क्युमिनॉइड्सचे (कर्क्युमिन आणि त्याच्या दोन भावंड-संयुगांचे) मिश्रण असते. प्रत्येक खेपेचा एचपीएलसी अहवाल, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल, मागावा. शिवाय सीरम नसलेल्या, ७.२ पीएचच्या द्रावात ३७ अंशांवर ९० टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते. तासाभरानंतरचा परिणाम कर्क्युमिनचा की त्याच्या तुकड्यांचा, हे अर्जदाराने दाखवावे.

मात्रेचे गणितही मागावे. दिवसाला ८ ग्रॅम कर्क्युमिन घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात सरासरी कमाल पातळी २ मायक्रोमोलरच्याही खाली राहिली. (हळदीत ते ३ टक्के धरले, तर ८ ग्रॅम म्हणजे रोज पाव किलोहून जास्त हळद!) प्रयोगशाळेतल्या बशीत ५० मायक्रोमोलर ओतून मिळवलेला निकाल रुग्णापर्यंत कसा पोचणार, याचे उत्तर प्रस्तावात हवे. नाहीतर तोच आलेख उद्या एखाद्या कॅप्सूलच्या जाहिरातीत झळकेल. कर्करोगावरील उपचाराच्या जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.

आमची मागणी खर्चिक नाही. या अटी अर्जाच्या नमुन्यातच छापाव्यात, आणि फ्लुओ-४ न भरलेल्या पेशींच्या नोंदींची मूळ फाइल जोडल्याशिवाय अर्ज छाननीला घेऊ नये.

आपले,
पेशीतील कॅल्शियमच्या अभ्यासक