403 मूळ की संयुक्त?

संपादक महोदय,

गोव्यातला कुठलाही पिनकोड 403 ने सुरू होतो. ही संख्या मूळ की संयुक्त, असे सहावी-सातवीच्या मुलांना विचारून पाहा. बरीच मुले 2, 3, 5, 7, फार तर 11 ने भाग देऊन पाहतील आणि 'मूळ' म्हणून मोकळी होतील. प्रत्यक्षात 13 × 31 = 403.

चूक भागाकारात नाही, थांबायचे कुठे हे ठाऊक नसण्यात आहे. विभाजक जोडीने येतात आणि जोडीतला लहान विभाजक त्या संख्येच्या वर्गमुळाहून मोठा असूच शकत नाही. 20 चा वर्ग 400, 21 चा 441. म्हणून 403 साठी 19 पर्यंतच्या मूळ संख्या तपासायच्या. 13 लाच निकाल लागतो. शेजारच्या 401 ला मात्र 19 पर्यंत कशानेही भाग जात नाही, तेव्हा ती मूळ. शंभराच्या आत तर 2, 3, 5 आणि 7 एवढेच पुरतात. तरी 51, 57, 87 हमखास फसवतात. वास्तविक त्यांच्या अंकांची बेरीज केली तरी 3 ची कसोटी लागते. 91 ला तोही आधार नाही; तिथे 7 ने भागूनच पाहावे लागते: 7 × 13 = 91.

व्याख्याही अर्धवट घोकवली जाते. '1 ने आणि स्वतःने भाग जातो ती मूळ' म्हटले की 1 सुद्धा आत शिरतो. 'नेमके दोन विभाजक' म्हणावे. 1 ला एकच विभाजक आहे, म्हणून तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही.

मराठी प्राथमिक शाळेतून पाचवीला इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचा आणखी एक घोळ होतो: 'फॅक्टर' आणि 'प्राइम फॅक्टर' त्यांना एकच वाटतात. 60 = 2 × 2 × 3 × 5, हे झाले मूळ अवयव. विभाजक मात्र 12 आहेत. ते मोजायचे तर प्रत्येक घातांकात, म्हणजे तो मूळ अवयव जितक्या वेळा आला त्या संख्येत, 1 मिळवून गुणाकार करावा: 3 × 2 × 2. यादीत एखादा विभाजक राहून गेला असेल तर इथेच कळते.

आपल्या विद्यार्थी पानावर मूळ संख्यांची नुसती यादी देण्याऐवजी नारळांची दोन चित्रे छापावीत. 24 नारळ 2 × 12, 3 × 8, 4 × 6 असे चौकटीत मांडता येतात. 23 नारळांची मात्र एकच लांबलचक रांग लागते.

– एक गणित शिक्षक, फोंडा