वर्गातला लूप

प्रिय मित्रा,

"वर्गात रॅप? डोकं फिरलंय का तुझं?" असं विचारलंस. फिरलं असेल, पण ऐकून तर घे.

'आठवणी' या विषयावर निबंध दिला की तीस वह्यांत एकच बालपण सापडतं, तेही गाइडमधलं. म्हणून यंदा मुलांना रॅपचं मूळ जिथे सापडतं, त्या न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सची गोष्ट सांगितली. 11 ऑगस्ट 1973. शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून सिंडी कॅम्पबेलनं पार्टी ठेवली आणि रेकॉर्ड लावायला जमैकात जन्मलेल्या भावाला, क्लाइव्हला बसवलं. त्यानं हेरलं होतं, की गायक गप्प होऊन नुसते ड्रम वाजतात, त्या काही सेकंदांसाठीच पोरं खोळंबलेली असतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तेवढाच तुकडा लांबवायचा.

आपल्यालाही अख्खा दिवस कुठे आठवतो? एक तुकडाच फिरत राहतो. म्हणून गृहपाठ दिला: घरातला एक आवाज फोनवर टिपा, त्याचा लूप करा, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत ठेवा, आणि त्यावर सोळा बार, म्हणजे रॅपच्या सोळा ओळी, लिहा.

एका मुलीनं शिलाई मशीनचा आवाज आणला. मशीन आजीचं, आजी आता नाही. पायडल हिनंच मारलेलं. लूप ऐकून म्हणाली, "सर, आजी अशी चालवायची नाही. भराभर चालवायची." आणि वेग वाढवत बसली. किती वेळा ऐकलं असेल! मध्येच थांबली, म्हणाली, "हां, हा."

क्लाइव्हचा डीजे कूल हर्क झाला, तसं मुलांनीही नाव घ्यायचं होतं. एकानं हजेरीतलंच ठेवलं. "ते कुणी नीट उच्चारत नाही," म्हणाला, आणि यमकात असं बसवलं की आता चुकायची सोय नाही.

चुकलो मीही. "खरं दुःख लिहा," म्हटलं, तर एक जण हळूच म्हणाला, "सांगायलाच हवं का?" तो नियम तिथेच रद्द. (मी स्वतः रॅप करून दाखवला, त्याबद्दल विचारू नकोस.)

मशीनवालीच्या सोळा बारांत आजी हा शब्दच नाही. शेवटच्या चार बारांना ती गप्पच झाली, नुसतं मशीन चालू. मला वाटलं, विसरली. ओळ सांगायला गेलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

वहीतही त्या चार ओळी कोऱ्या आहेत. मार्क द्यायचे राहिलेत.

तुझाच,
मास्तर