काका, तुरीच्या डाळीत हा हिशोब फिटत नाही

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही बाबांचा क्लॅरोनेट दुरुस्त केलात आणि पुढं जे घडवलंत, त्याबद्दल समोर बसून आभार मानायचं तीनदा ठरवलं होतं. पण तुमची युक्ती आता माझ्या लक्षात आली आहे. कोणी आभाराची गोष्ट काढली की तुम्ही सॅक्सोफोनची रीड, ती वेताची पट्टी, ओली करायला तोंडात घालता, मग पाच मिनिटं बोलणंच बंद. म्हणून हे उघड पत्र. नातीला वाचून दाखवायला सांगा. आमच्या आर्वी-तळेगावकडच्या बँडवाल्यांनीही वाचावं, त्यांच्या घरी माळ्यावर एखादी पेटी पडलेली असेलच.

आमची बारा जणांची बँड पार्टी कशी मोडली ते तुम्हाला माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये लग्नं पन्नास माणसांत उरकली, नंतर वराती परत आल्या त्या डीजे घेऊन. कोणी ट्रॅक्टरवर गेला, कोणी जिनिंगमध्ये, मी संत्र्याच्या बागांत फवारणी करू लागलो. बाबांचा क्लॅरोनेट माळ्यावर गेला तो उंदरांच्या ताब्यात. काढला तेव्हा चाव्यांखालची पॅडं कुरतडलेली, जोडावरच्या बुचाचा भुगा. नागपुरात एका दुकानात नेला तर त्यानं पेटी धड उघडलीही नाही. "फेका हो, नवीन घ्या." नवीन घ्यायचा म्हणजे एका हंगामाचं बियाणं-खत सोडून द्यायचं. तिथंच काउंटरशी उभ्या असलेल्या एका माणसानं चिठ्ठीवर तुमचा पत्ता लिहून दिला. तो तुमच्याच वाजवणाऱ्या ग्रुपातला ट्रम्पेटवाला, हे नंतर कळलं. तेव्हा पठ्ठ्या एक शब्द बोलला नाही.

अजनीच्या त्या खोलीतले तीन दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. स्पिरिटच्या दिव्यावर लाख धरायची, थेंब चावीच्या वाटीत पाडायचा, त्यावर पॅड बसवायचं, आत नमदा आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी. मग सिगारेटच्या कागदाची बारीक पट्टी त्याखाली सरकवायची, चावी दाबायची आणि पट्टी हळूच ओढायची. अडकली तर बरं. सुळकन निघाली तर त्या बाजूनं हवा जाते. परत लाख तापवा, पॅड केसभर हलवा, परत पट्टी. सतरापैकी अकरा पॅडं तुम्ही बदलली आणि एकाच चावीपायी दोन वेळा चहा गार केला. मी इतकी वर्षं दम कमी पडतो म्हणून स्वतःच्या छातीला दोष देत होतो. गळती पॅडात होती.

मजुरी विचारली तर म्हणालात, "घरची तूर आहे ना? दोन किलो डाळ आण."

त्यातला एक दिवस गुरुवार होता, तुमच्या ग्रुपच्या बसण्याचा. पाच जण: तुमचा सॅक्सोफोन, ट्रम्पेट, कीबोर्डवर कॉलेजातली पोरगी, तो माणसाएवढा उभा बेस आणि ड्रम. आमच्याकडं ऑर्केस्ट्रावाले ड्रमसेटलाच जाझ म्हणतात. मी आपलं विचारलं, "जाझ कोण वाजवते जी?" तुम्ही म्हणालात, "पाचही जण." सगळे हसले. मला त्यातला विनोद संध्याकाळी समजला.

कोणासमोर कागद नाही. सुरुवातीला छोटीशी चाल सगळ्यांनी मिळून घेतली, मग जो तो आपल्या वाटेनं गेला. मला वाटलं, झालं, आता हे हरवले. तर थोड्या वेळानं सगळे एका जागी परत हजर. तुम्ही मला माझ्या भाषेत समजावलं ते असं: बारा घरांचं एक आवर्तन धर, एका घरात चार मात्रा. पहिली चार घरं सा वर. मग दोन मध्यमावर, दोन परत सा वर. मग एक घर पंचम, एक मध्यम, शेवटची दोन सा. एवढं पाचही जणांच्या डोक्यात फिरत असतं, बाकी काहीच ठरलेलं नसतं. मी मांडीवर मोजायला लागलो. अठ्ठेचाळीस मात्रांनंतर सम आली आणि नेमका त्याच ठिकाणी ड्रमवाल्यानं झांज मारली तेव्हा मी इतक्या जोरात "वा!" म्हटलं की कीबोर्डवरची पोरगी दचकली. भजनात बुवा तान घेऊन कुठं कुठं जाऊन येतो आणि टाळकरी वाट पाहत असतात, तसलंच. फरक इतका की इथं पाचही जण बुवा, आणि पाचही जण टाळकरी. त्यांच्या लयीचं नाव तुम्ही स्विंग सांगितलं. मला ती जुन्या रेंगीची चाल वाटली, बैल दुडक्या चालीत असले की एक टाप लांब, एक आखूड.

तुमच्या गोष्टींपैकी दोन मी गावात सगळ्यांना सांगून झालो आहे. एक न्यू ऑर्लीन्सची. तिथं अंत्ययात्रेपुढं बँड असतो, स्मशानात जाताना संथ वाजवतो आणि येताना नाचायला लावील असं. आमचं भजनी मंडळही मयतीपुढं असतं, पण येताना आम्ही मुकाट येतो. दुसरी चिक चॉकलेटची. गोव्याचा ट्रम्पेटवाला, मुंबईत ताजमध्ये जाझ वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतही. 1951 च्या एका सिनेमात तर आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. त्या सिनेमातली धून आम्ही पंधरा वर्षं वरातीत वाजवली, ती जाझची पोटची हे कोणाला ठाऊक होतं?

आणि तुमचा रेडिओ. व्हॉइस ऑफ अमेरिकावर 1955 पासून विलिस कोनोव्हर नावाचा माणूस सावकाश इंग्रजीत बोलून जाझ ऐकवायचा, तुम्ही पोरवयात क्वार्टरमध्ये चादरीखाली ऐकायचे. शॉर्टवेव्हचा आवाज मध्येच बुडायचा. बुडालेला भाग तुम्ही तोंडानं शीळ घालून पुरा करायचे, आणि आवाज परत आला की आपण कुठं पोहोचलो ते पाहायचे. तुमचा गुरू कोण, असं मी विचारलं तेव्हा हे उत्तर मिळालं. मी ते चेष्टेवारी नेलं होतं. आता नेत नाही.

पण हे पत्र आहे ते कार्तिकातल्या त्या रात्रीसाठी.

तुम्ही पाचही जण एसटीनं, बेसला दोन तिकिटं काढून, कोंढाळी-कारंजा करत आमच्या गावी आलात. प्रार्थना मंदिरात शंभरेक माणूस, बाया वेगळ्या बसलेल्या. अर्ध्या तासात लाइन गेली. माइक गेला, कीबोर्ड मेला. शहरातला कलाकार असता तर चहा पिऊन निघाला असता. तुमच्या कीबोर्डवाल्या पोरीनं आमची बाजाची पेटी ओढून घेतली. भजन काळी पाचात होतं, आणि तुमचा टेनर सॅक्सोफोन आणि आमचा क्लॅरोनेट दोन्ही बी फ्लॅटचे, म्हणजे काळी पाचाचेच, त्यामुळं सा आपोआप जुळला. ड्रमवाल्यानं काड्या ठेवल्या आणि तारेचे ब्रश काढले, खंजिरी दबू नये म्हणून. कंदिलाच्या उजेडात मला बाकी काही दिसत नव्हतं, तुमची भुवई तेवढी दिसत होती. ती वर गेली की माझी पाळी.

मी घाबरून शुद्ध गंधाराच्या जागी कोमल लावला. गावात असा सूर लागला की म्हातारे खाकरतात. तुम्ही डोळे मिटलेलेच ठेवून तोच कोमल गंधार घेतला, तिथून ओढत शुद्धाच्या अलीकडं आणून सोडला. ट्रम्पेटनं तो उचलला. कोणी खाकरलं नाही.

आणि मग तुम्ही माझ्या हातातून क्लॅरोनेट घेऊन बाबांपुढं धरला. बाबा कोपऱ्यात झांज घेऊन बसले होते. सात वर्षांपासून त्यांच्या तोंडात दात नाहीत, क्लॅरोनेटला हात लावला नव्हता. ते म्हणाले, "माह्ये दात गेले जी, आता काय वाजते त्याच्यातून?" तुम्ही म्हणालात, "एकच सूर द्या. खालचा सा."

पहिल्यांदा नुसती हवा. दुसऱ्यांदा अर्धी हवा, अर्धा सूर. तिसऱ्यांदा लागला. जाड, कापरा, ओठांवर धरलेला सा. बेस त्याच्याखाली येऊन बसला, तुम्ही आणि ट्रम्पेट त्याच्या भोवती फिरू लागलात. बाबांचा दम चारेक मात्रांतच संपायचा. संपला की तुम्ही पाचही थांबायचे. खंजिरीवालाही थांबायला शिकला. ती रिकामी जागा कोणी भरून काढली नाही. बाबा सावकाश श्वास घ्यायचे, तो श्वास सगळ्या मंदिराला ऐकू यायचा, आणि सा परत लागला की सगळे परत सुरू. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला 4 वाजून 58 मिनिटांनी लाखो माणूस एकदम गप्प होतो, त्या गर्दीत मी लहानपणापासून उभा राहत आलो आहे. बायांच्या बाजूनं माझी काकू हळूच म्हणाली, "मोझरीवानी वाटून रायलं."

किती वेळ चाललं मी मोजलं नाही. मी, अठ्ठेचाळीस मात्रा मांडीवर मोजणारा माणूस.

घरी आल्यावर बाबा काही बोलले नाहीत. क्लॅरोनेट पुसून पेटीत ठेवला तो मात्र त्यांनी, मला हात लावू दिला नाही. आता रोज संध्याकाळी ढोरं बांधून झाली की ओसरीवर बसतात. आज दोन सुरांवर पोहोचले आहेत. दुसरा रिषभ आहे असं ते म्हणतात, मी वाद घालत नाही.

तूर निघाली आहे, डाळ भरडायला टाकली. या वेळी दोन किलोवर ऐकून घेणार नाही, दहा आणतो, ग्रुपात वाटून घ्या. आणि काका, मागच्या चावीचं पॅड परत फुसफुसतं आहे. पट्टी लावून पाहिली, सरकते. गुरुवारी येतो. बाबाही येतो म्हणतात.

तुमचा,
क्लॅरोनेटवाला