गिधाड, चिंच आणि गव्हाची बुरशी: मॅडम, आभार!

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

अंजनेरीच्या पायथ्याशी आमच्या आठवीच्या मुलांना तुम्ही सकाळभर वेळ दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. समोर मानले की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता.

कड्यावरच्या गिधाडांचं नाव तुम्ही जिप्स इंडिकस सांगितलंत, तेव्हा आमच्या एका बहाद्दराने विचारलं, "शाळेतल्या चिंचेच्या पाटीवर टॅमरिंडस इंडिका लिहिलंय. मग हे दोघं नातेवाईक का?" पोरं खो खो हसली. तुम्ही मात्र तिसरा भिडू आणलात: टिलेशिया इंडिका, गव्हाच्या दाण्याची काळी भुकटी करणारी बुरशी, जिला सडक्या मासळीचा वास येतो. झाड, पक्षी, बुरशी, आडनाव जणू एकच, आणि नातं शून्य! नातं बघायचं ते पहिल्या नावात, प्रजातीच्या (म्हणजे जीनसच्या). दुसरं नुसतं विशेषण, इथे 'भारतातलं'. एका प्रजातीत ते एकदाच, बाहेर कितीही जणांना लावा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना आणि 1758 मध्ये प्राण्यांना सरसकट अशी दोन नावं दिली, तेव्हापासून हे चालू आहे.

मग इंडिकस, इंडिका, इंडिकम हा घोळ कशाला? "काळा बैल, काळी गाय, काळं वासरू," एवढंच म्हणालात. लॅटिनलाही तीन लिंगं! तीळ सेसमम इंडिकम. चिंचेचं टॅमरिंडस पुल्लिंगी वाटतं, पण लॅटिनमध्ये झाडं बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून इंडिका. व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी हीच मुलं बरं का.

पण खरी मजा कुंपणावरच्या वासनवेलीने आणली. कॉक्युलस हिर्सुटस, म्हणजे केसाळ. मऊ लव असलेली पानं तुम्ही डब्याच्या झाकणात पाण्यात चुरगळलीत आणि थोड्या वेळाने पाण्याची हिरवी जेली झाली. झाकण उलटं केलं तरी पडेना! कापूसही हिर्सुटम, गॉसिपियम हिर्सुटम. द्राक्षाच्या घडात पांढरी भुकटी पांघरून बसणारा किडा, गुलाबी मिलीबग, तोही मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस. हे ऐकून निफाडकडची आमची एक मुलगी ओरडली, "हा तर आमच्या पप्पांचा दुश्मन!"

तिच्या पप्पांनी तुमच्यासाठी द्राक्षांची पेटी ठेवायचं ठरवलंय. माल उतरला की घरपोच येईल, नाही म्हणू नका. आणि पाट्या नव्याने रंगवतोय, तेवढी स्पेलिंगं तपासून द्या.

आपली,
आठवीची वर्गशिक्षिका, नाशिक