विमान झालंय, पण अजून बसता नाही येणार

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई म्हणाली, उडालं ना एकदाचं विमान, मग आता रोज तिथल्या तिथे कायच्या घिरट्या घालून राहिली तू? तेव्हा नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितेय.

घरी बनवलेल्या विमानाचं इथे अमेरिकेत आधी ठरवून दिलेल्या भागातच टेस्टिंग करावं लागतं, साधारण ४० तास, इंजिन-प्रोपेलरची जोडी सर्टिफाइड असली तर २५, माझे २५ आहेत. तोवर हौस म्हणून कोणाला सोबत बसवायचं नाही. भरपूर उंचीवर जाऊन मुद्दाम स्टॉल करायचा, म्हणजे स्पीड कमी करत न्यायचा आणि पंख नेमके कधी हात टेकतात तो आकडा मांडीवरच्या पॅडवर लिहायचा, त्याच्या १.३ पट हा उतरायचा स्पीड. त्यात स्पीड दाखवणारा काटाच खरं बोलतो का हेही बघायचं, म्हणून वेगवेगळ्या दिशांना उडून जीपीएसशी ताडून पाहते.

लँडिंगची प्रॅक्टिस उशिरा सुरू झाली कारण नवं इंजिन सुरुवातीला जोरातच चालवावं लागतं, पिस्टनच्या रिंगा नीट बसेपर्यंत, आणि सर्किट मारताना, म्हणजे रनवेभोवती फेरी मारून पुन्हा पुन्हा उतरताना, पॉवर सारखी कमी करावी लागते. तोवर सरांच्या जुन्या विमानावर हात बसवला.

माझ्या विमानाला नाकाखाली चाक नाही, शेपटीखाली एक छोटंसं आहे (अशा विमानाला टेलव्हील म्हणतात), त्यामुळे वजनाचा मध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो. बाबा, ट्रॅक्टरची ट्रॉली रिव्हर्स घेताना जराशी तिरकी झाली की अजूनच तिरकी होत जाते ना, तसंच. वेळेत सावरलं नाही तर विमान गर्रकन फिरतं, ग्राउंड लूप म्हणतात त्याला, पंख घासतो. तिन्ही चाकं एकदम टेकवताना नाक इतकं वर असतं की समोरचा रनवे जवळजवळ दिसतच नाही, दोन्ही बाजूच्या कडा नजरेच्या कोपऱ्यात धरायच्या, स्टिक हळूहळू पोटाशी आणायची, आणि टेकलं की खरी धावपळ पायांची, रडर, म्हणजे पायांनी वळवायचा शेपटीचा उभा पडदा, डावा उजवा डावा, थोडा थोडाच, पूर्ण थांबेपर्यंत. वारा बाजूने असला तर त्या बाजूचा पंख खाली आणि तेच चाक आधी. टेलव्हीलमध्ये पॅसेंजर न्यायचा तर मागच्या ९० दिवसांत ३ लँडिंग पूर्ण थांबून केलेली लागतात, टेकून परत उडालं तर ते धरत नाहीत. मला पटतो हा नियम, घोळ होतो तो स्पीड उतरल्यावरच, तेव्हा रडरला हवाच मिळत नाही.

आणि बाबा, सोनेगाव विमानतळावरच्या ज्या डाकोटा विमानांचं तुम्ही सांगायचे, १९४९ पासून दिल्ली मुंबई कलकत्ता मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात येऊन पिशव्या बदलून परत जायची, ती डाकोटाही टेलव्हीलच! एवढं दोन इंजिनांचं धूड, रात्री, भर पावसाळ्यात. आधी पुढची दोन चाकं टेकवायची आणि मग शेपटी खाली येऊ द्यायची ही डाकोटाची पद्धत, मी आत्ता तीच घोटतेय. तेव्हा तुमच्या गोष्टी जरा लक्ष देऊन ऐकायला हव्या होत्या बाप्पा.

बाजूच्या सीटवर सध्या वाळूची पोती बांधून उडतेय, माणसाचं वजन असलं की विमान कसं वागतं ते बघायला. तर आई, तुमच्या दोघांचं वजन कळव, पण आजचं, काट्यावर उभं राहून, मागच्या दिवाळीचं नको.

तुमची,
छकुली