कोयता नाही, पण वीटभट्टी आहे

महोदय,

बीड-परभणीतल्या बालविवाहांची बातमी छापून आली की आमच्याकडे कोणीतरी हमखास म्हणतो, 'कोकणात असलं काही नसतं हो.' रत्नागिरी-सिंधुदुर्गापुरते ते बरेचसे खरे आहे. मात्र त्याचे श्रेय आपण कोकणी संस्कारांना देऊन मोकळे होतो, ते मला पटत नाही. आरोग्यसेविका म्हणून रायगड जिल्ह्यात नोकरी झाली, म्हणून लिहिते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. देशाचा आकडा ६.८ टक्के, म्हणजे आपले पुढारलेले राज्य सरासरीच्याही मागे. त्याच सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती, त्यांचे प्रमाण परभणीत ४८ टक्के निघाले. तिकडचे आईबाप काही निर्दयी नाहीत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल, म्हणजे कामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर मिळते. वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची हा घोर वेगळाच. त्यात मुलगी जेवढी शिकेल तेवढा हुंडा वाढतो. लग्न लावून देणे हा त्यांचा हिशेब असतो, आणि परिस्थिती पाहता तो चुकतो असेही म्हणवत नाही.

आपल्याकडे हिशेब वेगळा होता, एवढेच. भाताचे एक पीक, तुकड्या-तुकड्यांची जमीन, म्हणून पुरुष मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. मुलाला नोकरी लागून खोलीची सोय होईपर्यंत लग्न थांबायचे. गावात घर, शेती, कोर्टकचेरी बाई बघायची. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मनीऑर्डरीवर मुलींची शाळा चालू राहिली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ दरवर्षी पहिले येते, ते याच पायावर. जी शाळेत टिकली तिचे लग्न आपोआप पुढे गेले. म्हणून कमी पटाच्या शाळा मिटवून 'समूह शाळा' करण्याची भाषा ऐकली की मला धडकी भरते. डोंगरावरच्या वाडीतली मुलगी पासावर फुकट जाईल, कबूल, पण तिच्या वेळेला एसटी आली पाहिजे ना!

आता आपल्याच अंगणातले. रायगडच्या कातकरवाड्या, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्त्या, दिवाळीनंतर ओस पडतात. घरची घरे वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तिथेही उचल, तिथेही जोडी मोजायची. आठवीनंतर शाळा सुटलेली पोर भट्टीवर विटा उचलते आणि वर्षा-दोन वर्षांत तिची स्वतःची जोडी होते. जिल्ह्यातून जेमतेम नऊशेच्या आसपास घरे निवडून होणाऱ्या सर्वेक्षणात अशा किती झोपड्या येत असतील, तुम्हीच सांगा.

अशी मुलगी दवाखान्यात आली की प्रसंग ठरलेला. बरोबर सासू. वय विचारले की 'एकोणीस', तेही सासूच सांगणार. आधार कार्ड मागितले की 'भट्टीवर राहिलं'. मुलगी खाली मान घालून पदराचे टोक पिळत असते. हिमोग्लोबिन सात, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. आणि वय खरे लिहिले तर पोक्सोखाली, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणे आम्हांला बंधनकारक. नवरा आत जाणार. हे वाडीत सगळ्यांना ठाऊक झाले आहे, त्यामुळे पुढच्या खेपेला ती तपासणीला येतच नाही. कायदा तिच्या रक्षणासाठी आहे यात वाद नाही, पण त्याच्या धाकाने ती दवाखान्यापासून तुटते, हे मुंबईत बसून दिसत नाही. भरीस भर, वय कमी पडत असल्यामुळे गरोदर बायकांना मिळणारे मातृवंदना योजनेचे पैसेही नाहीत. जिला सर्वांत जास्त गरज, तीच नियमात बसत नाही.

रत्नागिरी-देवगडकडच्या वाचकांनीही निर्धास्त राहू नये. आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी कुटुंबांतल्या मुली कुठल्या शाळेत जातात, हे बागायतदारांना एकदा विचारावे.

ऊसतोडीच्या जिल्ह्यांत मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात. तशी रायगडच्या भट्टीवाल्या गावांत, आठवीपुढच्या मुलींना धरून, का असू नयेत? शिवाय ग्रामसेवक हाच गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. लग्न लागल्यावर गुन्हा नोंदवायला धावण्यापेक्षा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, कुटुंबे निघण्याआधी, बारा ते सतरा वयाच्या मुलींची वाडीवार यादी त्याने वाचून दाखवावी आणि कोणती कुठे राहणार ते तिथेच ठरवावे. त्याला मंत्रालयातून परिपत्रक यायची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. माणगाव, जि. रायगड